रोग बरा झाला. बहिष्कार केव्हां उठणार?

न्यायासनानें एखाद्यास निर्दोष म्हणून सोडलें आणि घरीं परततांच गांवानें त्याला चोरच ठरविलें, तर त्या निकालाची किंमत काय? औषधानें बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्याची आज आपल्या शहरांतून हीच अवस्था आहे.

आमच्या मतें या अन्यायाचें मूळ एका घोटाळ्यांत आहे. कुष्ठरोग या एका नांवाखालीं आपण तीन निरनिराळ्या गोष्टी बांधून ठेविल्या आहेत: संसर्ग, बधिरपणा आणि व्यंग. पैकीं संसर्गाचा निकाल कधींच लागला आहे. १८७३ सालीं नॉर्वेंतील डॉ. हान्सेन यांनीं या रोगाचा जंतू दाखवून दिला, तेव्हांच पूर्वजन्मींच्या पापाची कथा संपावयास हवी होती. १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. सरकारी दवाखान्यांत हीं औषधें मोफत मिळतात. रोगाच्या प्रकाराप्रमाणें सहा किंवा बारा महिने घ्यावीं लागतात. आणि तीं सुरू झाल्यावर थोडक्याच काळांत रोग्यापासून दुसऱ्यास लागण होणें थांबतें.

बधिरपणाची गोष्ट वेगळी. जंतू मज्जातंतूंस इजा करितो व हातापायांची जाणीव जाते. ज्याला चुलीचा चटका कळत नाहीं कीं पायांतला खिळा टोंचत नाहीं, त्याची जखम चिघळते आणि अखेर बोटें झडतात. बधिरपणा नवा असतांना उपचार झाला तर जाणीव पुष्कळदां परत येते. वेळ गेली तर मात्र रोज तळवे पाहणें, पाय पाण्यांत भिजवून तेल लावणें, मऊ रबराचीं पादत्राणें वापरणें, मिटत नसलेला डोळा जपणें, ही शुश्रूषा जन्मभर करावी लागते. राहिलें व्यंग. वांकडीं बोटें ही होऊन गेलेल्या रोगाची खूण आहे. तिच्यांत संसर्ग नाहीं. लोक मात्र नेमके तिलाच भितात!

कायद्यानेंही फार काळ हेंच केलें. १८९८ च्या कायद्यानें भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्यास वारंटावांचून पकडण्याची सत्ता पोलिसांस दिली. श्रीमंताचा तोच रोग माडीवर सुखरूप राही! परक्या सरकारचा हा कायदा स्वराज्याच्या केंद्र सरकारनें २०१६ सालीं, म्हणजे ६९ वर्षांनीं, रद्द केला. त्याच वर्षीं दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यांत कुष्ठमुक्तांचा समावेश झाला, आणि २०१९ सालीं कुष्ठरोग हें घटस्फोटाचें कारण राहिलें नाहीं. कायदा उशिरां कां होईना, शहाणा झाला. आम्ही केव्हां होणार?

कोणी म्हणेल, सावधगिरींत गैर काय? आमचें उत्तर असें कीं, या सावधगिरीनेंच रोग पोसला जातो. अंगावर बधिर चट्टा दिसतांच माणूस घर, नोकरी व मुलीचें लग्न यांच्या भीतीनें तो सदऱ्याखालीं लपवितो. लागण होते ती अशा औषध न घेतलेल्या रोग्यापासून, आणि व्यंगही त्यालाच येतें. २००५ सालीं दर दहा हजारांत एकाहून कमी रोगी उरल्याचें जाहीर झालें, तें ऐकून पुष्कळांनीं रोगच संपला असें मानिलें. नवे रोगी आजही सांपडत आहेत.

बाबा आमटे हे स्वतः वकील. त्यांनीं वरोऱ्यास आनंदवन उभारून, ज्यांस आपण टाकून दिलें त्यांचे हात शेती व कारागिरी करूं शकतात हें सिद्ध केलें. त्या कार्यास आम्ही वंदन करितों. परंतु गांवांनीं दारें लाविलीं म्हणून तें निराळें गांव वसवावें लागलें, हें विसरतां कामा नये.

आमच्या व्यापारी वाचकांकडे आमचें मागणें साधें आहे. आपला गुमास्ता औषधाचा क्रम पुरा करून परत आला, तर त्याची जागा त्यास द्यावी. आणि डॉक्टरांस आमची विनंती कीं, जखम बांधतांना त्यांनीं रोग्यापासून हातभर दूर उभें राहूं नये. कारण आजूबाजूचे लोक त्यांच्याकडे पाहूनच भितात, आणि त्यांच्याकडे पाहूनच धीर धरतील.