चौकोनांमधलं अंतर

पॉवरपॉइंटमध्ये माउसने चौकोन अंदाजपंचे सरकवत तासन्‌तास बसणाऱ्यांची मला खरंच कीव येते. अहो, तिन्ही चौकोन सिलेक्ट करा, 'अलाइन मिडल' करा, मग 'डिस्ट्रिब्यूट हॉरिझॉन्टली'. कडेचे दोन जागेवर राहतात, मधला सरकतो, अंतर सारखं. काम खल्लास!

पण सारखं अंतरही काहीतरी सांगत असतं. लॉगिन, डेटाबेस, पेमेंट समान अंतरावर मांडले, की तिन्ही आपल्याच घरचे वाटतात. पेमेंट बाहेरच्या कंपनीचं असेल, तर तो चौकोन मुद्दाम लांब ठेवा. रात्री दोनला तेच बंद पडलं, तर फोन कुणाला लावायचा हे चित्रावरूनच कळलं पाहिजे.

रांग सॉफ्टवेअर लावेल हो. कोण कुणाजवळ, हे मात्र आपणच ठरवायचं.