पेन्शन अब्बांची, सही कोणाची?

नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत पेन्शनरांची गर्दी होते. त्या गर्दीत दरवर्षी भेटणारे एक निवृत्त शिक्षक गेल्या वर्षी आम्हाला दिसले नाहीत. चौकशी केली तर कळलं, त्यांना लकवा मारला आहे. बोलणं बंद, माणसंही ओळखत नाहीत. पेन्शन खात्यात जमा होत होती आणि थोरला मुलगा एटीएम कार्डाने पैसे काढून औषधपाणी करत होता. मग कार्डाची मुदत संपली. नव्या कार्डासाठी बँकेने अब्बांची सही मागितली आणि सगळं अडलं. त्यातच धाकट्या बहिणीने विचारलं, "भाईजान, इतक्या महिन्यांचा हिशोब कुठे आहे?" मुलाची नियत साफ होती, पण कागदावर त्याचं नाव कुठेच नव्हतं.

ही एका घराची गोष्ट नाही. आपल्यातली बरीच कुटुंबं अशीच पिन नंबरच्या भरवशावर चालली आहेत. वास्तविक कार्ड आणि पिन दुसऱ्याच्या हातात देणं, मग तो सख्खा मुलगा का असेना, बँकेच्या नियमांत बसत नाही.

अनेकांना वाटतं, मुखत्यारपत्र केलं की काम झालं. इथेच मोठी चूक होते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची विचारशक्ती गेली की ते संपुष्टात येतं. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद करून ठेवला, नेमक्या त्याच दिवशी तो निकामी होतो. नॉमिनीचंही तसंच. नॉमिनीचा संबंध खातेदाराच्या मृत्यूनंतर येतो. खातेदार हयात असताना नॉमिनीला एक रुपयाही काढता येत नाही.

शरीर थकलं आहे पण होश शाबूत आहे, अशांची सोय मात्र आहे आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार आजारी किंवा वृद्ध खातेदाराला सही जमत नसेल, तर हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. तोही शक्य नसेल तर एखादी खूण चालते. दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. पैसे कोण नेणार, हे खातेदार स्वतः बँकेला सांगू शकतो. सत्तरीपुढच्या आणि अपंग ग्राहकांना घरपोच सेवा देण्याच्या सूचना २०१७ पासून आहेत. हयातीचा दाखला 'जीवन प्रमाण'मधून मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. म्हणून अम्मीला खुर्चीवर बसवून बँकेत नेण्याआधी एकदा शाखा व्यवस्थापकाला लेखी अर्ज द्यावा.

खरा प्रश्न होश गेल्यावरचा आहे. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा रुग्णाची मालमत्ता सांभाळण्यासाठी कोर्टाकडून व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती. त्याच्या जागी २०१७ चा कायदा आला. त्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांपुरता असतो, पैशांसाठी नाही. नॅशनल ट्रस्ट कायदा, १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती पालक नेमते, पण ती ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम १४ मध्ये मर्यादित पालकाची सोय आहे, त्यासाठी जिल्हा न्यायालयाची किंवा राज्य सरकारने अधिसूचित केलेल्या प्राधिकाऱ्याची पायरी चढावी लागते. रुग्ण कोमात असेल तर उच्च न्यायालयात याचिका करून पत्नीला किंवा मुलाला पालक नेमून घेतल्याची उदाहरणं आहेत. पण पेन्शनीच्या चार पैशांसाठी वकिलाची फी भरणं किती घरांना परवडेल?

अमेरिकेत पेन्शन देणारं सोशल सिक्युरिटी खातं अशा वेळी स्वतःच एक प्रतिनिधी नेमतं. तो पैसा लाभार्थ्याच्या गरजांवरच खर्च करायचा आणि हिशोब ठेवायचा, असा नियम आहे. पुढे गरज पडली तर कोणाला नेमावं, यासाठी लाभार्थी २०२० पासून तीन नावं आधीच सुचवू शकतो. आपल्या कोषागाराला आणि पेन्शन देणाऱ्या बँकांना अशी सोय करणं अशक्य नाही. पेन्शनर संघटनांनी ही मागणी लावून धरली पाहिजे.

तोवर काय करता येईल? पेन्शन खातं पतीपत्नीच्या संयुक्त नावावर, दोघांपैकी कोणीही चालवू शकेल अशा पद्धतीने करून घ्या. जोडीदार नसेल तर कोणत्या मुलाने किंवा मुलीने व्यवहार पाहायचा, हे वडीलधाऱ्यांनी सगळ्यांसमोर सांगावं आणि लिहून ठेवावं. हा कागद बँकेला बांधील नसला, तरी भावंडांतला झगडा टळतो आणि कोर्टात जायची वेळ आली तर वडिलांची मर्जी दिसते. घरात मानसिक अपंगत्व असलेलं मूल असेल, तर केंद्र सरकारच्या पेन्शनरांना त्या मुलाच्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी पालकाचं नाव आजच देता येतं. मग बँकेने कोर्टाचा दाखला मागण्याचं कारण उरत नाही. राज्याच्या पेन्शनरांनी आपल्या कोषागारात चौकशी करावी.

नेमलेला माणूस मालक नसतो, अमीन असतो, हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. सूरह बकरामध्ये कर्जाच्या व्यवहाराबाबत सांगितलं आहे की, लिहून देणारा असमर्थ असेल तर त्याच्या वलीने इन्साफाने लिहून द्यावं. सूरह निसामध्ये यतीमांच्या मालाबाबत सुखवस्तू वलीला त्यातून काही घेण्यापासून रोखलं आहे, आणि माल परत करताना साक्षीदार ठेवायला सांगितलं आहे. हाच कायदा आपण घरात लावूया. एक वही, त्यात जमा आणि खर्च, औषधांची बिलं, आणि दर महिन्याला बहिणींसह सगळ्यांना ती वही दाखवणं. यात कोणाची बेइज्जती नाही, उलट हिशोब ठेवणाऱ्याचीच अब्रू राखली जाते.

त्या शिक्षकांच्या घरी आता वकिलाकडे चकरा सुरू आहेत. अब्बा बोलत होते तेव्हा हे काम एका अर्जाचं आणि एका दुपारचं होतं. आपल्या घरातले वडीलधारे अजून बोलत आहेत, ओळखत आहेत, सही करत आहेत. येत्या जुम्याला जेवणं झाली की हा विषय काढाच.