किती मैलांचं रडार?

सॉफ्टवेअरवाल्या माणसावर नातेवाईकांची विलक्षण श्रद्धा असते. जिला वायर आहे अशी कुठलीही वस्तू याला कळणारच! प्रिंटर, इन्व्हर्टर, डिशची छत्री हे सगळं करून झालंय. यावेळी आजऱ्याला घरी गेलो तर मालवणचा आतेभाऊ रडारची माहितीपत्रकं घेऊन घाट चढून आलेला. त्याची मासेमारीची फायबरची नौका आहे. "तू कॉम्प्युटरवालो ना? मग माका सांग, खयचा घेव?"

आता आजरा म्हणजे घनसाळ तांदळाचं आणि काजूचं गाव. समुद्र बघायचा तर आंबोली घाट उतरावा लागतो. पण फिजिक्स घाटावर आणि खाली सारखंच, म्हणून बसलो वाचत. दोन दिवसांच्या वाचनानंतर माझं मत असं झालंय की माहितीपत्रकावर जे सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, ते निवडीसाठी सगळ्यात कमी कामाचं असतं.

मोठ्या अक्षरात असतात दोन आकडे, मैल आणि किलोवॉट. मोबाईल घेताना आपण मेगापिक्सेल बघतो ना, तसलाच प्रकार.

आधी मैल बघू. पृथ्वी गोल आहे आणि रडारच्या लहरी साधारण सरळ जातात. अँटेना पाण्यापासून ४ मीटर उंच असेल, तर ४ मीटर उंचीची दुसरी नौका जास्तीत जास्त नऊ सागरी मैलांवर दिसणार. पाण्याबाहेर मीटरभरच असलेली छोटी होडी जेमतेम साडेसहा मैलांवर. मग खोक्यावर ३६ मैल लिहिलेलं असो की ४८. तेवढ्या लांबचे डोंगर दिसतील, उंच ढग दिसतील. होडी दिसणार नाही.

आता किलोवॉट. रडारचा पल्ला दुप्पट करायचा तर ताकद सोळापट लागते. म्हणजे ४ ऐवजी ६ किलोवॉटचं घेतलं तर पल्ला वाढतो फक्त दहा-अकरा टक्के! शिवाय हे ४ किलोवॉट एका सेकंदाच्या कोट्यंश भागापुरते असतात. सरासरी काढली तर वॉट-दोन वॉट. जुन्या झिरोच्या बल्बपेक्षाही कमी.

बरं, ताकद वाढवून पावसात तरी जास्त दिसेल? जुलैत आंबोली घाटात गाडी चालवलेल्याला याचं उत्तर माहीत आहे. धुक्यात अप्पर मारला की रस्ता दिसत नाही, समोर पांढरी भिंत उभी राहते. पावसातही तेच होतं. ताकद वाढवली की होडीचा प्रतिध्वनी वाढतो आणि पावसाचाही त्याच प्रमाणात वाढतो. होडी पावसातून वेगळी काढायची तर झोत अरुंद हवा, आणि झोत किती अरुंद हे ठरतं अँटेनाच्या रुंदीवर.

हा आकडा माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर बारीक टायपात असतो. गोल डबीतली दोन फुटी अँटेना साधारण ४ अंशांचा झोत टाकते, चार फुटी उघडी फिरणारी अँटेना १.८ अंशांचा. तीन मैलांवर पहिल्या झोताची रुंदी होते जवळजवळ ३९० मीटर, दुसऱ्याची १७५. म्हणजे एकमेकींपासून ३०० मीटरवर असलेल्या दोन होड्या डबीवाल्या रडारवर एकच ठिपका आणि चार फुटीवर दोन. त्या दोघींच्या मधून नौका काढायची असेल तर हा फरक जिवाचा आहे.

तेव्हा माझा सल्ला सरळ आहे. डोलकाठीला वजन झेपत असेल तर किलोवॉट कमी घ्या, पण अँटेना रुंद घ्या. मोठी जहाजं पावसासाठी एस-बँडचं वेगळं रडार ठेवतात, पण त्याची अँटेना बारा फुटांच्या आसपास असते. आपल्या नौकेवर ती बसवायची तर नौकाच बदलावी लागेल. मॅग्नेट्रॉन की सॉलिड स्टेट? सॉलिड स्टेट लगेच सुरू होतं आणि जवळच्या वस्तू छान वेगळ्या दाखवतं, मॅग्नेट्रॉन काही हजार तासांनी बदलावा लागतो. पण तुमच्या बंदरात दुरुस्ती करणारा माणूस कुठल्या कंपनीचा आहे, हे आधी विचारा.

आणि सगळे पैसे बघण्यावर घालवू नका, दिसण्यावरही थोडे ठेवा. एप्रिल २०२१ मध्ये मंगळूरसमोरच्या समुद्रात रात्री 'राबाह' ही मासेमारी नौका आणि 'एपीएल ला हावर' हे मालवाहू जहाज यांची टक्कर झाली. नौकेवर १४ जण होते, वाचले दोघेच. लाकडाच्या आणि फायबरच्या नौकेचा प्रतिध्वनी मुळात क्षीण असतो, लाटांच्या गर्दीत तो सहज हरवतो. उंचावर टांगलेला धातूचा रडार रिफ्लेक्टर तो वाढवतो आणि रडारच्या किमतीपुढे त्याचा खर्च किरकोळ असतो. एआयएस असेल तर उत्तमच. पण एआयएसवर तोच दिसतो जो स्वतःहून हजेरी देतो. ज्या होडीवर ते नाही, तिच्यासाठी रडारच लागतं.

शेवटचा खर्च पैशाचा नाही. २५ जुलै १९५६ च्या रात्री अटलांटिकमध्ये 'आंद्रेआ डोरिया' आणि 'स्टॉकहोम' ही दोन प्रवासी जहाजं एकमेकांवर आदळली. दोघांचीही रडारं चालू होती, दोघांनीही एकमेकांना आधीच पाहिलं होतं. तरी ५१ माणसं गेली. पडदा दिसणं वेगळं आणि वाचता येणं वेगळं. तुटपुंज्या रडार-माहितीवर अंदाज बांधू नका, हे आज सागरी वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतच लिहिलेलं आहे.

म्हणून रडार बसवल्यावर तांडेलाने ते पहिले पंधरा दिवस लख्ख उन्हात लावावं. समोर जी होडी डोळ्यांना दिसतेय ती पडद्यावर कशी दिसते, गेन आणि पावसाचं बटण फिरवल्यावर कधी गायब होते, हे बघून ठेवावं. ऑगस्टच्या पहिल्या जोरदार सरीत पडदा पांढरा होईल तेव्हा माहितीपत्रक कामाला येणार नाही, ही सवय येईल.