गाडीतली सोलकढी



गेल्या अंकात हळदीच्या डागांवर लिहिले, तेव्हा एका सद्गृहस्थांचा फोन आला. "आता जरा पुरुषमंडळींच्या उपयोगाचं काहीतरी लिहा, गाड्यांवर वगैरे." (हळद फक्त बायका सांडतात आणि गाडी फक्त पुरुष चालवतात हे गृहीतक आम्हाला मान्य नाही. आमच्या घरी दोन्ही उलटे आहे.) पण विषय हाताशी होताच. गेल्या हिवाळ्यात एका गाडीवरून आपल्या मंडळातल्या दोन घरांचे बोलणे बंद झाले, ही गोष्ट आता गुपित राहिलेली नाही. त्या भांडणाचे मूळ एका रासायनिक प्रकारात आहे, म्हणून ते या सदरात बसते.

नावे देत नाही, गाडीची कंपनीही सांगत नाही. झाले ते थोडक्यात असे. पुण्याहून दोन वर्षांपूर्वी आलेल्या एका कुटुंबाने, आई-वडील येणार म्हणून, दुसरी गाडी घ्यायचे ठरवले. आपल्याच 'विकणे आहे' मधली जाहिरात पाहिली आणि मंडळातल्याच एका जुन्या कुटुंबाकडून पंधरा वर्षांची गाडी घेतली. चहा-पोहे झाले, एक चक्कर मारून झाली, विकणाऱ्यांनी न मागता दोनशे डॉलर कमी केले. "आपलीच माणसं" असे दोन्ही बाजूंनी म्हटले गेले. चार महिन्यांनी शिकागोहून परत येताना इंडियानाच्या टोल रोडवर, बर्फ पडत असताना, मागे दोन म्हातारी माणसे बसलेली, आणि गाडी थरथरायला लागली. रस्त्याच्या कडेला झोपलेल्या ड्रायव्हरला जागे करायला खाचा असतात ना, त्यांवरून गेल्यासारखी. मग इंजिन नुसते गुरगुरू लागले आणि गाडी पुढे सरकेना. टो ट्रक येईपर्यंत दीड तास गेला. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने रेडिएटरचे झाकण उघडले तर आत गुलाबी, दाट, दुधट द्रव. गिअरबॉक्सच्या दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या किमतीपेक्षा जास्त निघाला. गाडी भंगारात गेली.

महिनाभर आधी एका गॅरेजने तेल बदलताना कूलंट कमी दिसले म्हणून भरून दिले होते. आधीचे गेले कुठे, हे त्यांनी पाहिले नाही.

आता हे कूलंट गेले कुठे ते पाहू. ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समध्ये जे तेल असते ते नुसते वंगण नव्हे. इंजिनाची ताकद चाकांकडे पोचवणे, क्लच दाबून धरणे, ही कामे तेच तेल करते आणि ते करताना चांगलेच तापते. ते गार करायला अनेक गाड्यांत एक स्वस्त आणि हुशार युक्ती असते. रेडिएटरच्या कडेच्या टाकीत एक छोटा कूलर बुडवून ठेवतात आणि गिअरबॉक्सचे तेल त्यातून फिरवतात. बाहेर इंजिनाचे कूलंट, आत गिअरबॉक्सचे तेल, मधे धातूची पातळ भिंत. चाळीतली दोन बिऱ्हाडे आणि मधे पत्रा, तसे. थंडीत हेच कूलंट तेलाला लवकर ऊब देते, हा वरचा फायदा.

पत्रा शाबूत आहे तोवर सगळे ठीक. पण ही टाकी बहुधा काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची असते, कूलर धातूचा असतो, आणि हजारो वेळा तापून-निवून दोघांचे आकुंचन-प्रसरण वेगवेगळे होते. त्यात कूलंट वर्षानुवर्षे बदललेले नसले तर त्यातली गंज रोखणारी द्रव्ये संपतात आणि ते आम्लधर्मी होत जाते. मग कुठेतरी, बहुतेक वेळा जोडाच्या जागी, भेग पडते. बाहेर एक थेंब गळत नाही. खालच्या जमिनीवर डाग नाही, म्हणून मालक निश्चिंत.

इंजिन चालू असताना तेलाचा दाब बहुधा जास्त असतो, तेव्हा तेल कूलंटमध्ये शिरते. इंजिन बंद केले की तेलाचा पंप थांबतो आणि दाब शून्यावर येतो. पण गरम कूलंट मात्र झाकणाखाली पंधरा-एक पौंडांच्या दाबाने बराच वेळ कोंडलेले राहते. ते जाणार कुठे? गिअरबॉक्समध्ये. म्हणजे गाडी ड्राइव्ह-वेमध्ये लावून आपण घरात चहा घेत बसलेलो असतो, तेव्हा हे चाललेले असते.

पुढचा भाग आमच्या आवडीचा. नारळाच्या दुधात तेल आणि पाणी एकत्र राहते, कारण त्यातली प्रथिने दोघांना धरून ठेवतात. गिअरबॉक्सच्या तेलात मळ धरून ठेवण्यासाठी मुद्दाम घातलेली साबणासारखी द्रव्ये असतात, तीच इथे प्रथिनांचे काम करतात. पंप रवीसारखे घुसळतो. तेलाला ओळखीसाठी तांबडा रंग दिलेला असतो, त्यामुळे जे तयार होते ते हुबेहूब सोलकढीसारखे दिसते. इथले मेकॅनिक त्याला स्ट्रॉबेरी मिल्कशेक म्हणतात. आमसुलाची ओळख नसलेल्यांनी दुसरे काय म्हणावे!

रंग बिघडल्याने गिअरबॉक्स मरत नाही. तो मरतो कागदामुळे. अनेकांना हे ऐकून नवल वाटते, पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचच्या चकत्यांवर जे अस्तर असते ते मुख्यतः कागदाच्या जातीचे असते. सेल्युलोजचे तंतू, त्यांत फिनॉलिक राळ मुरवलेली, आणि खाली पोलादी चकतीला चिकटवलेले. तेलात हा कागद वर्षानुवर्षे सुखाने राहतो. पण सेल्युलोजला मूळची ओढ पाण्याची. कूलंट म्हणजे साधारण अर्धे पाणी आणि अर्धे एथिलीन ग्लायकॉल, आणि ग्लायकॉलची रचनाही अशी की तेही पाण्यासारखेच कागदाला बिलगते. कागद फुगतो, डिंक सैल होतो. लहानपणी पाकिटावरचे तिकीट सोडवायला आपण ते वाटीभर पाण्यात टाकून ठेवत असू, तोच प्रकार. तिकीट निघाले की आनंद होई. इथे अस्तर निघते, तुकडे तेलाच्या वाटांत अडकतात, आणि गाडी टोल रोडवर उभी राहते. ती सुरुवातीची थरथर म्हणजे क्लच नीट धरत नसल्याची खूण. साधारण ४०-५० मैलांच्या वेगाला ती जाणवते आणि लोक टायरचा तोल गेला असे समजून टायरवाल्याकडे जातात.

"चालवत राहा, गरम होऊन पाणी उडून जाईल," असा सल्ला या प्रकरणात एका अनुभवी गृहस्थांनी दिला होता. पाण्याबद्दल तो अर्धा खरा आहे. ग्लायकॉल १९७ अंश सेल्सिअसला उकळते. गिअरबॉक्सचे तेल त्या तापमानाला पोचले तर वेगळीच चिंता करावी लागेल. म्हणजे पाणी हळूहळू जाते, ग्लायकॉल तिथेच मुक्काम ठोकते आणि तापून-तापून आम्ले बनवते.

हा कुणा एका गाडीचा दोष नाही. जे उघड नोंदलेले आहे तेवढे सांगतो. निसानच्या २००५ ते २०१० या मॉडेल-वर्षांच्या फ्रंटियर, एक्सटेरा आणि पाथफाइंडर या गाड्यांत हा प्रकार इतका झाला की २०१० साली कंपनीने अमेरिकेत रेडिएटरची वॉरंटी ८ वर्षे किंवा ८०,००० मैलांपर्यंत वाढवली. पुढे ग्राहकांच्या सामूहिक दाव्यात समझोता होऊन ती मर्यादा १० वर्षे किंवा १,००,००० मैलांवर गेली, पण वरच्या मैलांसाठी मालकालाही मोठा हिस्सा भरावा लागे. २०१० चे मॉडेल धरले तरी ही मुदत २०२० च्या सुमारास संपली. गाड्या मात्र संपल्या नाहीत. मोठ्या, मजबूत, स्वस्तात मिळणाऱ्या म्हणून त्या अजून विकल्या जातात. टोयोटाच्या जुन्या फोररनरच्या आणि २००० नंतरच्या काही मर्सिडीजच्या मालकांनाही ही सोलकढी भेटलेली आहे. क्लच-गिअरच्या गाडीला हा रोग होत नाही, विजेवरच्या गाडीत असला गिअरबॉक्सच नसतो, आणि अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत तेलाचा कूलर वेगळ्या जागी असतो. आपली गाडी कोणत्या जातीची हे मेकॅनिकला एका वाक्यात विचारता येते. "गिअरबॉक्सचा कूलर रेडिएटरच्या आत आहे का?"

आत असेल तर आमचे मत स्पष्ट आहे. दहा वर्षे किंवा लाख मैल झाले की रेडिएटर चांगला दिसत असला तरी बदलून टाकावा. बाजारातला साधा रेडिएटर पुष्कळ गाड्यांना दीडशे ते तीनशे डॉलरच्या आसपास मिळतो, वर मजुरी. गिअरबॉक्सचे बिल तीन हजारांच्या पुढेच सुरू होते. काही मेकॅनिक रेडिएटरमधला कूलर सोडून देऊन तेलाला बाहेर स्वतंत्र कूलर बसवतात. म्हणजे पत्राच नको, दोन बिऱ्हाडे दोन इमारतींत. उपाय पक्का आहे, पण आपल्याकडच्या जानेवारीत तेल गरम व्हायला वेळ लागतो, म्हणून आम्ही नव्या रेडिएटरच्या बाजूचे. कूलंटही मुदतीत बदलावे. जुन्या हिरव्याचे आयुष्य दोनेक वर्षांचे, नंतरच्या प्रकारांचे पाचेक वर्षांचे. रंगावरून प्रकार ओळखू नका, गाडीच्या पुस्तकात लिहिलेला घ्या. पाणी मिसळायचे झाले तर डिस्टिल्ड.

महिन्यातून एकदा, इंजिन पूर्ण थंड असताना (गरम असताना झाकण उघडाल तर चेहरा भाजेल, हे गंभीरपणे घ्या) कूलंटच्या बाटलीत डोकावा. पातळी आपोआप कमी होत असेल, तवंग किंवा गुलाबी साय दिसत असेल, तर गाडी सुरूच करू नका. गॅरेज दोन मैलांवर असले तरी टो करून न्या. गाडी फारशी चाललेली नसेल तर नवा रेडिएटर आणि तेलाची पूर्ण धुलाई यांनी गिअरबॉक्स वाचू शकतो. खालची थाळी उघडून काढलेले तेल म्हणजे सगळे तेल नव्हे. बरेचसे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकलेले असते, म्हणून धुलाई पुन्हा पुन्हा करावी लागते. थरथर सुरू झाली असेल तर मात्र धुलाईवर पैसे घालताना दोनदा विचार करा.

शंका असेल तर तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो. सोडियम किंवा पोटॅशियम भलतेच जास्त आले तर ते कूलंटमधल्या क्षारांचे असण्याची दाट शक्यता असते. तापलेल्या पत्र्यावर तेलाचा थेंब टाकून तडतड ऐकण्याची जुनी पद्धतही आहे, पण तिच्यात पाणी कळते, ग्लायकॉल कळत नाही. आणि कृपा करून तो प्रयोग पोळ्यांच्या तव्यावर करू नका.

एक सूचना वेगळी. काढलेले कूलंट गॅरेजमध्ये उघड्या ट्रेमध्ये ठेवू नये. ग्लायकॉल चवीला गोड असते आणि विषारी असते. पोटात गेल्यावर त्याचे ऑक्झॅलिक आम्ल बनते आणि त्याचे खडे मूत्रपिंडात अडकतात. कुत्री ते आवडीने चाटतात, रांगणारी मुलेही सोडणार नाहीत. सांडलेले लगेच पुसा आणि बाकीचे रीसायकल केंद्रावर द्या.

आता त्या दोन घरांकडे वळतो. घेणाऱ्यांना वाटते की विकणाऱ्यांना सगळे माहीत होते. आम्ही दोन्हीकडे जाऊन आलो, आणि आमचे मत असे की माहीत नव्हते. रेडिएटर मूळचा होता, कूलंट कधी बदलले याची नोंद नव्हती, आणि ती कुणी मागितलीही नाही. अनोळखी डीलरकडे गेलो असतो तर आपण शंभर प्रश्न विचारले असते, वर आपल्या मेकॅनिककडून गाडी तपासून घेतली असती. मंडळातल्या माणसाकडे मात्र भीड पडते. समोर पोह्यांची बशी असताना "रेडिएटर कधी बदलला?" असे विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे वाटते. विकणाऱ्यालाही "मेकॅनिकला दाखवून घ्या" म्हणताना वाटते की लोक म्हणतील, गाडीत काहीतरी खोट आहे. संक्रांतीला दोन्ही घरे आली, तिळगूळ घेतला, आणि वेगवेगळ्या टेबलांवर जेवली. तेव्हा प्रश्न पोह्यांच्या आधी विचारा. तपासणीचे शंभर-दीडशे डॉलर निम्मे-निम्मे वाटून घ्या.

कार्यकारिणीने मान्य केल्याप्रमाणे पुढच्या अंकापासून 'विकणे आहे' मध्ये गाडीची जाहिरात देणाऱ्यांना दोन ओळी जास्त भराव्या लागतील. रेडिएटर कोणत्या साली बदलला, आणि कूलंट शेवटचे कधी बदलले. "माहीत नाही" हे उत्तर चालेल, पण ते तसे छापले जाईल.

शिवाय येत्या मराठी शाळेच्या रविवारी पार्किंगमध्ये आम्ही तिघे स्वयंसेवक कुणाच्याही गाडीच्या कूलंटची बाटली पाहून देऊ. आम्ही मेकॅनिक नाही, फक्त रंग ओळखतो. मुलांना सोडायला आलात की गाडी तशीच उभी ठेवा, शाळा सुटेपर्यंत इंजिन थंड होईल. हात पुसायला जुने फडके घरून आणावे. गणपतीचे उरलेले नॅपकिन मागच्या वेळीच संपले.