विश्लेषण : पाण्याखालचे फोटो प्रवाळांची तब्येत सांगतात का?

लक्षद्वीप, अंदमान किंवा मालदीवमध्ये स्कुबा डायव्हिंग करून आलेल्यांचे फोटो समाजमाध्यमांवर आले की खाली हमखास दोन प्रकारच्या प्रतिक्रिया येतात. ‘कुठे आहे ते प्रवाळ विरंजन? सगळे किती रंगीत दिसतेय!’ ही एक, आणि ‘सगळे पांढरे पडले, संपले’ ही दुसरी. बऱ्याचदा दोन्ही चूक असतात.

हा प्रश्न आत्ता का?

अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेने १५ एप्रिल २०२४ रोजी चौथ्या जागतिक प्रवाळ विरंजनाची घोषणा केली. जानेवारी २०२३ ते एप्रिल २०२५ या काळात जगातील सुमारे ८४ टक्के प्रवाळ क्षेत्राला विरंजन होण्याइतकी उष्णता सोसावी लागली. २०१४ ते २०१७ मधील तिसऱ्या घटनेत हे प्रमाण ६८ टक्के होते. लक्षद्वीपमध्ये मोठ्या प्रमाणावर विरंजन झाल्याचे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मे २०२४ मध्ये सांगितले. मात्र हे ८४ टक्के उपग्रहाने मोजलेल्या तापमानावरून काढलेले आहेत. त्या उष्णतेतून कोणते प्रवाळ तगले, हे पाण्यात उतरल्याशिवाय कळत नाही. संशोधक मोजके आणि हौशी डायव्हर कितीतरी जास्त, म्हणून त्यांच्या फोटोंना महत्त्व.

पांढरे म्हणजे मेलेले?

नाही. प्रवाळ हा प्राणी. त्याच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल त्याला अन्न पुरवते आणि बहुतांश रंगही देते. पाणी जास्त दिवस तापले की ही भागीदारी मोडते, शैवाल बाहेर पडते आणि पारदर्शक झालेल्या ऊतींतून खालचा चुनखडीचा सांगाडा पांढरा दिसू लागतो. या अवस्थेत प्रवाळ उपाशी असतो, पण जिवंत असतो. पाणी वेळेत थंड झाले तर तो सावरू शकतो.

खरा घोळ पुढे आहे. प्रवाळ मेला की काही दिवसांतच सांगाड्यावर दुसरे, केसाळ शैवाल चढते. फोटोत तो हिरवट-तपकिरी दिसतो आणि ‘रंग परत आला’ असे वाटते. उलट, अनेक निरोगी प्रवाळ मुळातच मळकट तपकिरी असतात. काही जाती तर उष्णतेच्या ताणात चमकदार जांभळ्या, निळ्या होतात. ज्या फोटोला सर्वाधिक लाइक मिळतात, त्यातला प्रवाळ कदाचित संकटात असतो.

कॅमेरा कुठे फसवतो?

पाणी लाल रंगाचा प्रकाश सर्वात आधी शोषते. पाच-दहा मीटरवरच बहुतेक लाल रंग गेलेला असतो, त्यामुळे फोटो निळा-हिरवा येतो. केवळ खोली नव्हे, कॅमेरा आणि प्रवाळ यांच्यातले अंतरही यात मोजावे लागते. फ्लॅशमुळे रंग परततो, पण साधारण एक-दीड मीटरपर्यंतच. मग मोबाइलवरील अ‍ॅप ‘गेलेला’ लाल रंग अंदाजाने भरते. तपकिरी प्रवाळ गुलाबी होतो, फिकट प्रवाळ पिवळसर. फोटो सुंदर होतो, पण पुरावा म्हणून त्याचा उपयोग संपतो.

मग हौशी फोटो निरुपयोगी?

अजिबात नाही. जिथे नक्षी महत्त्वाची, तिथे ते फारच कामाचे. व्हेल शार्कच्या अंगावरील ठिपक्यांची रचना प्रत्येकाची वेगळी असते. ती जुळवण्याचे अल्गोरिदम खगोलशास्त्रात ताऱ्यांचे नकाशे जुळवण्यासाठी वापरले जात होते. पर्यटकांच्या फोटोंवरून एकेक मासा ओळखून त्याचा वर्षानुवर्षे माग ठेवला जातो तो त्यातूनच.

रंगासाठी मात्र फोटोसोबत मोजपट्टी हवी. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या ‘कोरलवॉच’ उपक्रमाचा तक्ता त्यासाठीच आहे. त्यात चार रंगगट आणि प्रत्येकाच्या सहा छटा असतात. डायव्हरने तो प्रवाळाशेजारी धरून सर्वात फिकट आणि सर्वात गडद छटा डोळ्यांनी नोंदवायची. तक्ता नसेल तर किमान एक पांढरी पाटी त्याच अंतरावर चौकटीत घ्यावी, मूळ ‘रॉ’ फाइल जपावी, तारीख, ठिकाण आणि खोली लिहावी. त्याच जागेचा पुढच्या वर्षीचा फोटो मिळाला तर त्याचे मोल कैकपट वाढते.

आणि फोटोसाठी प्रवाळाला टेकू नये. सेंट लुसियातील एका अभ्यासात कॅमेरा बाळगणारे डायव्हर इतरांपेक्षा प्रवाळांना जास्त वेळा धडकत असल्याचे दिसले होते. भारतात कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, मालवणच्या पाण्यातलेही. त्यामुळे आठवण म्हणून तुटलेला तुकडा खिशात घालणे हा गुन्हा आहे.