स्टेडियम पेठेतच पाहिजे, पण पेठेला विचारून

कोल्हापुरात फुटबॉल ग्राउंडचा विषय निघाला की दोन पार्ट्या लगेच तयार होतात. एक म्हणते, "हे सगळं गावाबाहेर न्या, आम्हाला जगू द्या." दुसरी म्हणते, "जुनं पाडा आणि तिथंच नवंकोरं इंटरनॅशनल स्टेडियम उभं करा. खाली शॉपिंग, वर गॅलरी, रात्री लाइट शो." शाहू स्टेडियमपासून चार गल्ल्यांवर माझं घर आहे. मॅचच्या दिवशी गोल झाला की मोबाईलवरच्या लाइव्हच्या आधी आमच्या खिडकीला कळतं. म्हणून या विषयावर दोन शब्द बोलायचा हक्क मला आहे, असं मी धरून चालतो. आणि आधीच सांगतो, माझं म्हणणं दोन्ही पार्ट्यांना झोंबणार आहे.

माझं मत सरळ आहे. फुटबॉलचं स्टेडियम शहराच्या मध्यातच पाहिजे. नवं बांधायचं तरी तिथंच, जुनं सुधारायचं तरी तिथंच. पण ते भोवतीच्या पेठांना विचारून, त्यांच्याशी लेखी ठरवून. नुसता नारळ फोडून नव्हे.

आधी "गावाबाहेर न्या" वाल्यांशी बोलूया.

भावांनो, आपला फुटबॉल कुणाच्या जिवावर उभा आहे? पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ, फुलेवाडी. यातली बहुतेक नावं तालमीची आणि मंडळांची आहेत, म्हणजे गल्लीची आहेत. कुठल्या कंपनीनं विकत घेतलेली ही टीम नव्हे. पोरगं सकाळी तालमीत जोर मारतं, संध्याकाळी पायात बूट घालतं आणि मॅचला चालत जातं. त्याचा आजा पण चालतच जातो, काठी टेकत टेकत. हा खेळ चालत जायच्या अंतरावर आहे म्हणून टिकला. दहा-बारा किलोमीटरवर नेऊन ठेवा, पहिल्या सीझनला हौसेनं जातील, दुसऱ्याला फक्त फायनलला जातील, आणि तिसऱ्याला आपण "कोल्हापूरचा फुटबॉल कुठं हरवला" म्हणून पोस्टी टाकत बसू.

पुण्याचं बघा. बालेवाडीचं संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी झालं. मोठं आहे, देखणं आहे. आयएसएलमधली पुण्याची टीम तिथं खेळायची. २०१९ मध्ये तो क्लबच बंद झाला आणि पुण्याच्या जागी लीगमध्ये हैदराबाद आलं. कारण पैशाचं होतं, मान्य. पण क्लब गेला तेव्हा पुण्याची कुठली पेठ रस्त्यावर उतरली? कारण तो क्लब कुठल्या पेठेचा कधी झालाच नव्हता. उद्या पाटाकडील किंवा दिलबहार बंद करायचं नुसतं म्हणून बघा, काय होतंय ते!

आणि कलकत्ता बघा. सॉल्ट लेकचं अवाढव्य स्टेडियम १९८४ ला झालं, मोठे सामने तिकडं गेले. तरी मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहम्मेडन या तिघांनीही शहराच्या मध्यातली मैदानावरची आपली ग्राउंडं सोडली नाहीत. त्यांना कळलं होतं की मोठा सामना कुठंही होईल, पण क्लबचं घर शहरातच पाहिजे.

आपल्याला तर हे शिकवायला कलकत्त्याची पण गरज नाही. राजर्षी शाहू महाराजांनी खासबागचं कुस्ती मैदान १९१२ साली पूर्ण करून घेतलं, ते कुठं? भर वस्तीजवळ. शेजारी नाटकाचं थिएटर. म्हणजे हजारोंची गर्दी शहरात आणायची, आणि ती खेळासाठी आणि कलेसाठी आणायची, हा विचार या मातीत शंभर वर्षांपूर्वी झालेला आहे. गर्दी झाली की अडचण, हा आपला आजचा विचार.

आता ही बाजू इथंच थांबवतो, कारण तक्रार करणारे शेजारी काही वेडे नाहीत.

मॅचच्या दिवशी आमच्या दारात गाड्या कशा लागतात ते येऊन बघा. ॲम्ब्युलन्स सोडा, सायकल काढता येत नाही. शेजारच्या काकूंना डायलिसिसला न्यायचं असतं, तेव्हा त्यांचा मुलगा आधी मॅचचं वेळापत्रक बघतो, मग हॉस्पिटलला फोन करतो. मॅच सुटली की बोळात कोण कुठं उभा राहून काय करतो ते लिहायची सोय नाही. पुरुषांचं हे असं, आणि बायका-मुलींसाठी धड स्वच्छतागृह नाही म्हणून त्या मॅचला फिरकतच नाहीत. मग आपण म्हणायचं, कोल्हापूर फुटबॉलवेडं! अर्धं कोल्हापूर तर आपण घरातच बसवलंय की.

आणि हुल्लडबाजी. यावर तालमीच्या पोरांना राग येतो, येऊ दे. समर्थकांच्या राड्यापायी सामने थांबलेत, स्पर्धा बंद पडायची वेळ आलीय, हे सगळ्या गावाला माहीत आहे. दगड सुटतो तेव्हा तो रेफ्रीला विचारून पडत नाही. तो कुणाच्या तरी पत्र्यावर पडतो, कुणाच्या तरी गाडीच्या काचेवर पडतो. ज्याची काच फुटली त्यानं "गावाबाहेर न्या" म्हटलं तर त्याला फुटबॉलचा शत्रू म्हणू नका. आधी काच भरून द्या.

गर्दीची चेष्टा नसते. १६ ऑगस्ट १९८० ला कलकत्त्यात ईडन गार्डनवर मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्यात गॅलरीत मारामारी झाली, चेंगराचेंगरी झाली, सोळा माणसं गेली. मॅच बघायला गेलेली माणसं होती ती. आपल्याकडं असं होऊ नये असं वाटत असेल तर बाहेर पडायच्या वाटा, कठडे आणि रुंद जिने याचा विचार आज करायचा. श्रद्धांजलीचे बॅनर लावायची वेळ आल्यावर नव्हे.

आता दुसरी पार्टी. "पाडा आणि नवं बांधा."

यांच्या डोक्यातलं चित्र मी ऐकलंय. त्यात गाळे असतात, फूड कोर्ट असतो, पार्टी हॉल असतो, कॉन्सर्ट असते. फुटबॉल कुठंतरी कोपऱ्यात असतो. म्हणे, स्टेडियम वर्षभर कमावतं झालं पाहिजे. ठीक आहे, पैसा लागतोच. पण वर्षभर कमवायचं म्हणजे वर्षभर गर्दी, वर्षभर आवाज. तो सोसायचा कुणी?

माद्रिदचं उदाहरण ताजं आहे. रिअल माद्रिदनं भर शहरातलं आपलं बर्नाबेउ स्टेडियम प्रचंड खर्च करून नवं केलं. वर सरकतं छत, खाली हलवता येणारं गवत, सगळी सोय. मग मोठमोठ्या कॉन्सर्ट सुरू झाल्या. शेजारच्या रहिवाशांनी आवाजाच्या तक्रारी केल्या, कोर्टकचेरी केली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये क्लबला कॉन्सर्टचे कार्यक्रम पुढं ढकलायला लागले. जगातला सगळ्यात श्रीमंत क्लबांपैकी एक, त्याला बिल्डिंगीतल्या माणसांपुढं थांबावं लागलं. तिथल्या लोकांना मॅचचा त्रास नवा नव्हता, मॅच ते पिढ्यान् पिढ्या सोसत आलेत. त्यांनी नाही म्हटलं ते फुटबॉलच्या नावाखाली आलेल्या दुसऱ्याच धंद्याला.

दुसरी गोष्ट पाण्याची. शाहू स्टेडियम ज्या जागेवर आहे तिथं रावणेश्वर तलाव होता, हे नव्या पोरांना माहीत नसेल. कपिलतीर्थ बुजवलं, तिथं मंडई आली. वरुणतीर्थ बुजवलं, तिथं गांधी मैदान झालं. तलाव आपण बुजवले, पण जमिनीचा उतार काही बदलला नाही. पावसाळ्यात गांधी मैदानाचं तळं होतं ते शिवाजी पेठेतल्या कुणालाही विचारा. भोवतालचं पाणी, गटारीचं पाणी, सगळं तिथंच येऊन बसतं. कारण पाणी आपल्या जुन्या घरी येतं. अशा जागी उद्या काँक्रीटचं बेसमेंट पार्किंग खणणार असाल तर आधी पाणी कुठं जाणार ते सांगा. "बघू, पंप लावू" हे उत्तर नव्हे.

तिसरी गोष्ट आगीची. ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र कुठला कोल्हापूरकर विसरेल? केशवराव भोसले नाट्यगृह डोळ्यांदेखत जळालं. ते नाट्यगृह, खासबाग आणि स्टेडियम, सगळं एकाच पट्ट्यात आहे. त्या रात्रीनंतर तरी या भागात एखादी मोठी वास्तू बांधताना पहिला प्रश्न एकच असला पाहिजे. भरलेल्या स्टेडियमला आग लागली तर बंब कुठल्या रस्त्यानं येणार आणि माणसं कुठल्या रस्त्यानं जाणार? बाकी लाइट शो नंतर.

मग करायचं काय? माझं म्हणणं, लेखी करार करायचा.

हे काही मी हवेतून काढलेलं नाही. अमेरिकेत सिनसिनाटी शहरात वेस्ट एंड नावाची जुनी वस्ती आहे, प्रामुख्यानं कृष्णवर्णीयांची. पूर्वी हायवे आणि 'विकास' यापायी तिथली हजारो कुटुंबं उठवली गेली होती. त्याच वस्तीत फुटबॉल क्लबनं स्टेडियम बांधायचं ठरवलं. लोकांनी सभा गाजवल्या, विरोध केला, भाडी वाढतील आणि आम्ही परत उठू असं सांगितलं. शेवटी २०१८ मध्ये क्लब आणि वस्ती यांच्यात लाभाचा लेखी करार झाला. शाळेचं जुनं ग्राउंड स्टेडियमच्या जागेत जात होतं, ते क्लबनं स्वतःच्या पैशानं दुसरीकडं बांधून दिलं. २०२१ ला २६ हजारांचं स्टेडियम सुरू झालं. सगळं गोड झालं असं मुळीच नाही. तो करार वस्तीतल्या सगळ्यांना मान्य नव्हता, आणि भाडेकरूंची भीतीही खोटी नव्हती. पण कागद तरी होता. कागदावर बोट ठेवून भांडता तरी येतं. आपल्याकडं काय असतं? व्यासपीठावरून दिलेला शब्द. तो हार सुकायच्या आत सुकतो.

म्हणून कुणीही, कुठल्याही पक्षाचा, उद्या स्टेडियमचा नकाशा घेऊन पेठेत आला तर त्याच्यापुढं हे सहा मुद्दे ठेवायचे:

१. नकाशा आधी भोवतीच्या पेठांत लावा, मराठीत, सगळ्यांना दिसेल असा. हरकती घ्या, त्यावर लेखी उत्तर द्या. भूमिपूजन त्यानंतर.

२. मॅचच्या दिवशी गल्ल्या रहिवाशांच्या गाड्यांसाठी राखीव. प्रेक्षकांच्या गाड्या लांब लावायच्या आणि तिथून चालत यायचं. अंबाबाईच्या दर्शनाला लांबून चालत येतोच की आपण.

३. वर्षाचं वेळापत्रक सीझनच्या आधी जाहीर. दहावी-बारावीच्या परीक्षेच्या काळात वाद्यं बंद.

४. फुटबॉल आणि खेळ सोडून दुसऱ्या कार्यक्रमांना वर्षात ठराविकच दिवस. किती, ते पेठेबरोबर ठरवायचं आणि लिहायचं.

५. पाण्याचा निचरा, बंबाची वाट, बायकांची स्वच्छतागृहं. ही तीन कामं आधी पूर्ण, मग गॅलरीवर नाव कुणाचं ते भांडत बसा.

६. आत्ता तिथं जे चहावाले, भेळवाले पोट भरतात त्यांना नव्या जागेत पहिला हक्क. फूड कोर्टचा गाळा लिलावात घेणं त्यांच्या बापजन्मी जमणार नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

आणि तालमीच्या कारभाऱ्यांना हात जोडून एक सातवी गोष्ट. आपल्या समर्थकांची जबाबदारी आपण घ्या. गल्लीतल्या कुठल्या पोराच्या हातात दगड होता ते तालमीला माहीत नसतं, असं कुणाला सांगता? गणपतीची वर्गणी द्यायला कुणी टाळाटाळ केली ते तुम्हाला घरटी पाठ असतं. ज्या तालमीच्या पाठीराख्यांनी नुकसान केलं, त्या तालमीनं दुसऱ्या दिवशी त्या घरात जाऊन भरपाई द्यायची. एकदा करून बघा. शेजारी तुमच्या बाजूनं उभा राहतो की नाही ते बघा. पोलिसांच्या बंदोबस्तापेक्षा या एका गोष्टीनं जास्त फरक पडेल, लिहून ठेवा.

एवढं सगळं कशासाठी म्हणाल, तर अनिकेत जाधवसाठी. २०१७ ला भारतात १७ वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्ड कप झाला, तेव्हा भारताच्या टीममध्ये कोल्हापूरचा तो पोरगा होता. सगळं गाव छाती फुगवून फिरत होतं. पण त्याच्या मागं किती आले, हा प्रश्न आपण विचारला का? पेठेत पोरांना खेळायला मोकळी जागा राहिली नाही, जी आहे ती मांडवात नाहीतर पार्किंगमध्ये गेली. नवं स्टेडियम झालं आणि त्याला कुलूप लागलं, फक्त फायनलला उघडलं, तर त्याचा पोरांना उपयोग शून्य. सकाळी सहा ते नऊ ते ग्राउंड महापालिका शाळेतल्या पोरा-पोरींना फुकट खुलं राहील का, एवढं एक विचारा. 'हो' असं लेखी आलं, तर मॅचच्या दिवशीचा आवाज मी हसत सोसेन, आणि माझ्या गल्लीला पण सांगेन.

नाही आलं, तर समजायचं की स्टेडियम फुटबॉलसाठी नाही, गाळ्यांसाठी आहे. मग त्या नकाशाला पेठेनं एकमुखानं नाही म्हणायचं, तालमीसकट.