हात उठतो, पण कुणाचा?

एमएसडब्ल्यू करत होते तेव्हा वसतिगृहात माझ्या खोलीत भाषाविज्ञान शिकणारी मैत्रीण होती. तिच्या नादाने मलाही एक खोड लागली. कुणी काही बोललं की वाक्यातला कर्ता कुठे गेला ते बघायचं. एकदा माझ्या हातून तिचा कप पडला. "अगं, तुझा कप फुटला," मी म्हटलं. तर म्हणते, "आपोआप?" मराठीत फुटणं वेगळं, फोडणं वेगळं. पडणं-पाडणं, जळणं-जाळणं तसंच. जोडीतल्या पहिल्या शब्दाला करणारा लागतच नाही.

तेव्हा गंमत वाटायची. मग क्षेत्रकार्यासाठी भाजलेल्या बायकांच्या वॉर्डात जायला लागले. केसपेपरवर पुन्हा पुन्हा एकच वाक्य: 'स्वयंपाक करताना स्टोव्हचा भडका उडून भाजली.' भाजणं या शब्दाला तर फुटणं-फोडणं असा भेदही नाही. भाकरी भाजली, बाई भाजली. भाकरी कुणीतरी भाजलेली असते, एवढं सगळ्यांना कळतं.

आता सल्ला केंद्रात बसते. समोरची बाई सांगते, "राग आला की यांचा हात उठतो." आला तो राग, उठला तो हात. नवरा बिचारा षष्ठी विभक्तीत! पण त्या बाईला मी बोल लावणार नाही. संध्याकाळी तिला त्याच घरात जायचंय, तिनं जपूनच बोलायला हवं.

माझं भांडण आहे ते लिहिणाऱ्यांशी. त्यांना कुठे त्या घरात झोपायचंय? तरी पोलीस ठाण्यात लिहिलं जातं, 'किरकोळ कारणावरून वाद होऊन मार लागला.' पेपरात येतं, 'विवाहितेचा जळून मृत्यू.' आणि मैत्रिणींनो, आपण तरी काय करतो? आपल्या अहवालात 'हिंसाग्रस्त महिला' असतात. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, तशा हिंसाग्रस्त. जणू हिंसा आभाळातून पडली.

१९८३ साली दंडविधानात ४९८-अ कलम आलं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत ८५वं झालं. त्या कलमाची सुरुवातच नवऱ्यापासून आणि नवऱ्याच्या नातेवाइकांपासून होते. कायद्याच्या रुक्ष भाषेला जे जमतं ते आपल्या छापील फॉर्मला का जमू नये?

यावर काही कार्यकर्त्या म्हणतात, मग आपणच सरळ 'नवऱ्याने मारले' असं लिहून टाकू. ते मला पटत नाही. उद्या उलटतपासणीत वकील विचारेल, "बाई, हे शब्द तुमचे का?" आणि तिच्याकडे उत्तर नसेल. शिवाय तिच्या तोंडचं वाक्य काढून घ्यायचं तर आपल्यात आणि ठाणे अंमलदारात फरक काय राहिला? तिचं वाक्य तिच्याच शब्दांत उतरवावं. मग थांबून विचारावं, हात कुणाचा? हातात काय होतं? तेव्हा घरात कोण होतं? याला वेळ लागतो. बाहेर बाकावर चार बायका ताटकळलेल्या असतात आणि आपण घाईत 'मारहाण झाली' लिहून मोकळ्या होतो. मीही होते.

मागच्या महिन्यात एकीला विचारलं, "हात कुणाचा?" ती गप्प. मग म्हणाली, "नाव घेत न्हाई आमी." पिशवीतून रेशनकार्ड काढलं, एका ओळीवर बोट ठेवलं. ते नाव मी उतरवून घेतलं आणि अर्ज पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहायला घेतला.